लाकडी पावलं

आठ महिने झाले तरी या गावात माझं परदेशी नाव कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं. "मी इथे कुणाचीच कुणी नाही," कालच आईला फोनवर रडत सांगितलं. आज बुटाचा सोल निघाला म्हणून लंगडत मोचीकाकांच्या दुकानात शिरले. वर पाहिलं आणि पाहतच राहिले. छताला लाकडी पावलांचे शेकडो जोड टांगलेले, प्रत्येकावर टोपणनाव: तरातरा मावशी, घोरणारे मास्तर. "आपल्या माणसांचे साचे," काका म्हणाले. "यांच्यावरच बूट शिवतो." "मग माझं माप घ्या." "घेतलंय की!" त्यांनी दारातल्या ठशांकडे बोट दाखवलं. पहिल्याच दिवशी चावणारे बूट हातात घेऊन मी तिथल्याच ओल्या सिमेंटवर पाय देऊन पळाले होते. काकांनी काठीने मास्तरांशेजारचा जोड काढला. माझीच पावलं! करंगळीसुद्धा तशीच वाकडी. टाचेवर कोरलेलं: सिमेंटवाली. त्यावर आठ महिन्यांची धूळ होती.