एका मनगटावर दोन घड्याळं

अनुसयाने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि अंजनाबाईच्या हातात दिलं. "घे वं. याले फिरव जराशी."

"चेहरा काहून असा झाला तुझा?"

"गरगरून राहिलं थोडं. शुगरचं असंल. आलीच मी."

घाम पुसत ती तलावाकाठच्या बंद पंपघरामागे गेली. सक्करदऱ्याच्या त्या अख्ख्या रस्त्यावर झाडणाऱ्या बायांसाठी दुसरा आडोसा नव्हता. मे महिना होता. साडेनऊलाच ऊन डोक्यावर चढलं होतं.

अंजनाबाईने ते घड्याळ आपल्या घड्याळाच्या वर बांधलं आणि झाडू उचलला. ऑफिसातून मिळालेली ही घड्याळं वेळ सांगण्यासाठी नव्हतीच. कोण कुठे आहे, किती चाललं, सगळं हजेरी घेणाऱ्या जमादाराच्या मोबाइलवर दिसे. दहा मिनिटं एका जागी थांबलं की नावापुढे लाल ठिपका.

वाटताना साहेब म्हणाले होते, हे तुमच्याच भल्यासाठी आहे. खोटं तरी कसं म्हणावं? मागच्या उन्हाळ्यात बळीराम गल्लीत कोसळला तेव्हा लाल ठिपका पाहूनच जमादार धावला. धंतोलीच्या दवाखान्यात नेलं, माणूस वाचला. अंजनाबाईने हे अनुसयाला दहादा ऐकवलं होतं.

"तो वाचला, चांगलं झालं," अनुसया म्हणायची. "पण मले सगळ्यांपुढं काय विचारलं त्यानं, आठवते ना?"

आठवत होतं. हजेरीच्या वेळी मधुसूदन जमादाराने मोबाइल उंच धरून विचारलं होतं, "अनुसयाबाई, रोज पंपघरामागं पंधरा मिनिटं काय करून राहता?" तीस-चाळीस माणसं खो खो हसली होती. पन्नाशीला आलेली बाई मान खाली घालून उभी राहिली. त्या दिवसापासून मागे जाताना ती घड्याळ अंजनाबाईकडे देऊ लागली. त्या हसण्यापुढे अंजनाबाईने दिलेला बळीरामचा दाखला लंगडा पडला, आणि तिलाही मनातून ते पटलं होतं.

कचरागाडीला अडकवलेल्या अनुसयाच्या पिशवीत फोन वाजून वाजून थांबला. मग अंजनाबाईचा वाजला. मधुसूदन.

"अनुसयाबाई फोन नाही उचलून राहिल्या. कुठं आहेत?"

अंजनाबाईने पंपघराकडे पाहिलं. वीस मिनिटं होऊन गेली होती. खरं सांगितलं तर हा पाच मिनिटांत मोटारसायकलवर येईल. आणि उद्या हजेरीला सगळे पुन्हा हसतील, यावेळी दोघींना.

"इथंच आहे. माह्यासंगं झाडून राहिली."

"हो, दिसून राहिलं मले. सोबतच आहात."

फोन ठेवून ती झाडतच राहिली. थांबली असती तर दोन ठिपके लाल झाले असते. विजेच्या खांबापर्यंत पोचली, वळून पाहिलं, अनुसया अजून आली नव्हती. तेव्हा मात्र झाडू टाकून ती पळाली.

अनुसया भिंतीला टेकून बसली होती. डोळे अर्धे उघडे होते. अंजनाबाईने तिला हाका मारल्या, हलवलं, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. नाकाशी बोट धरलं. श्वास नव्हता. अंजनाबाईच्या ओरडण्याने एक स्कूटरवाला थांबला, त्याने ॲम्ब्युलन्सला फोन लावला आणि तिला जागा सापडावी म्हणून रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

"सांगायला पाहिजे होतं मी," अंजनाबाई म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

मग तिला हातावरची दोन घड्याळं दिसली. आता चौकशी होईल, घड्याळ कुणाच्या हातात होतं ते विचारतील, आणि हजेरीला कुणीतरी त्यावरही हसेल. मेल्यावर तरी हिला कुणी हसू नये. तिने वरचं घड्याळ सोडलं. पट्टा दोनदा निसटला. शेवटी तिने ते अनुसयाच्या मनगटावर नीट बांधलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने तिच्या तोंडावरचं पाणी पुसत बसली.

ॲम्ब्युलन्स अजून आली नव्हती. फोन वाजला.

"अंजनाबाई, दोघी दहा मिनिटांपासून बसून काहून राहिल्या? लाल दिसून राहिलं इथं. उठवा तिले."