मस्टर टेबलावरून हलत नाही

"त्याले पाठवा, सर. दहा मिनिटांचं काम आहे," दामिनीमॅडम म्हणाल्या, आणि हे वाक्य एकदाचं तोंडातून बाहेर पडलं तेव्हा त्यांना असं काही गार वाटलं, की विचारू नका.

टेबलापलीकडे गोपाळराव बसले होते. चार वर्षांपूर्वी निवृत्त होईपर्यंत हेच या शाळेचे हेडमास्तर होते आणि मॅडम ज्या खुर्चीत बसल्या होत्या, ती त्यांचीच. कडक इस्त्रीचा माणूस. आज शर्टाच्या गुंड्या एक काज सोडून लागल्या होत्या.

"संजीव नाही हलू शकत मानेवाड्याच्या दवाखान्यातून. त्याची माय..." गोपाळरावांनी टेबलाची कड धरली. "डॉक्टर म्हणून राहिले, आजचा दिवस निघणं मुश्किल आहे. डोळे उघडले की रंभा त्यालेच शोधते."

संजीव त्यांचा मुलगा. याच शाळेत गणित शिकवायचा. पटसंख्या घटली म्हणून हुडकेश्वरच्या दोन शाळा एक होणार होत्या आणि आजच्या हजेरीच्या मस्टरवरून शिक्षकांची यादी पाच वाजता वर जाणार होती. ज्याची सही नाही तो अतिरिक्त. मग कुठं फेकतील, देव जाणे! साडेतीन होऊन गेले होते.

"आज त्याले हजर धरा, सही उद्या घ्या, मॅडम. तुम्ही तर समजू शकता. तुम्ही स्वतः यातून गेल्या आहात."

गेल्या आहात! बाप रे, तेव्हा आपण काय केलं, हे या माणसाला आठवतच नव्हतं!

कोरोनाचा एप्रिल होता. मॅडमचा नवरा कुशल मानेवाड्याच्या दवाखान्यात श्वासासाठी तडफडत होता. काचेपलीकडून बायकोचा हात दिसला की तेवढ्यापुरता शांत व्हायचा. तेव्हा गोपाळरावांचा फोन आला. सर्व्हेच्या ड्यूटीवर आहात, येऊन सही करा, नाही तर गैरहजर म्हणून कळवतो. दामिनी रडली, भीक मागितली, शिपाई धम्मानंदच्या हातून मस्टर पाठवा म्हणाली. "मस्टर टेबलावरून हलत नाही, बाई. दहा मिनिटांचं काम आहे." ती गेली. सही केली. परत आली तेव्हा काचेवर आतून पडदा ओढलेला होता.

"अर्ज आणला?" मॅडमनी विचारलं.

"अर्ज?"

"लेखी लागते, सर. तुम्हीच तर शिकवलं."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. गोपाळरावांनी चार ओळी लिहिल्या. मॅडमनी कागदावरून सावकाश नजर फिरवली आणि तो परत ढकलला. "विषय नाही लिहिला." त्यांनी विषय लिहिला. "दिनांक?" त्यांनी दिनांक घातला. मॅडमना मजा येत होती, खोटं कशाला बोला. चार वर्षं त्यांनी या म्हाताऱ्याला मनातल्या मनात असंच रांगायला लावलं होतं. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं होतं: संकटकाळातील संवेदनशील शालेय नेतृत्व. तीन दिवसांचं प्रशिक्षण, रोज समोसा, शेवटी फोटो.

"कारण सविस्तर लिहा."

गोपाळरावांनी 'पत्नी' एवढंच लिहिलं आणि पेन अडलं. मग त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. आत्ता कुठं आठवलं होतं.

"दामिनीबाई..."

"लिहा, सर. वेळ जाऊन राहिला."

दारात धम्मानंद उभा होता. त्या दिवशीही तो इथंच उभा होता. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "काहून छळता जी? चार वाजले. द्या मस्टर, मी नेतो."

"तू नाही," मॅडम म्हणाल्या. क्षणभर त्या टेबलावरच्या त्या निळ्या बाडाकडे पाहत राहिल्या. मग उठल्या, मस्टर उचललं आणि गाडीची किल्ली घेतली. "सर, चला."

गोपाळरावांना काही कळेना. मैदानात मॅडमनी स्कूटी काढली, त्यांना मागे बसवलं आणि मस्टर त्यांच्या मांडीवर आपटलं.

"धरा दोन्ही हातांनी. आणि घड्याळ पाहून घ्या."

वाटेत मानेवाडा चौकातला सिग्नलसुद्धा लाल लागला, तरी मॅडम शांत होत्या. तोच रस्ता, तोच दवाखाना. दारात त्यांनी गाडी थांबवली.

"किती झाले?"

गोपाळरावांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं.

"अकरा मिनिटं."

"हो. सिग्नल धरून."

"दामिनीबाई, तेव्हा मी..."

"आता काही बोलू नका. जा वर. मायजवळ बसल्या बसल्याच त्याले सही करू द्या, उठवू नका. मी इथंच थांबते. त्या काचेपाशी मले नाही जाता येत."

गोपाळराव मस्टर छातीशी धरून पायऱ्या चढू लागले. तिसऱ्या पायरीवर असतील, तोच मॅडमनी मागून हाक मारली. सगळ्या गेटला ऐकू जाईल अशी.

"सर! हललं न टेबलावरून?"

गोपाळराव जागीच थांबले. मागे वळून पाहायची त्यांची हिंमत झाली नाही.