दुसरा पाट, नववी पाळी

नुसता गप्प बसला असता, तरी पाणीसमितीचा चिटणीस हिलारिओ याच्या मक्याला सगळ्यांआधी पाणी मिळालं असतं. दुसऱ्या पाटावर विधवा फोर्तुनाताची पाळी पहिली, त्याची शेवटची, नववी. यादीत त्यानं २-१ आणि २-९ टंकलं. संगणकानं परस्पर तारखा केल्या. फोर्तुनाता गेली पुढच्या वर्षीच्या दोन जानेवारीवर, हिलारिओ आला दोन सप्टेंबरवर, म्हणजे परवावर. गालात कोकाची पानं धरून अध्यक्ष हसले, "लाव भिंतीला. छापील कागदाशी कोण भांडतंय?" "फोर्तुनातामावशी भांडणार नाहीत, म्हणूनच थांबा, दादा." हिलारिओनं सेटिंग शोधून आपोआप होणाऱ्या बदलांपुढची खूण काढली, अख्खी यादी पुन्हा टंकली. बायको म्हणाली, "यंत्राला शिकवलंस, आता मक्यालाही शिकव बिनपाण्याचं उगवायला." मावशींचं वावर पहिल्याच दिवशी भिजलं. नवव्या पाळीला पाट अर्ध्यावरच आटला. किंमत मोजली हिलारिओच्या अर्ध्या मक्यानं, आणि वर्षभर त्याच्या कानांनी.