घोगळेची रजा

“हात बरा झालाय ना? मग उद्यापासून ड्युटीवर ये,” अग्निशमन केंद्राचे प्रमुख साळवी म्हणाले.

दत्ताराम घोगळे त्यांच्याच केंद्रातला जवान. कारखान्याच्या आगीत त्याचा हात भाजला होता आणि सोबतचा जवान दगावला होता. हातावर नवी कातडी आली, पण कुकरची शिट्टी झाली तरी त्याला दरदरून घाम फुटायचा.

महापालिकेच्या डॉक्टर रझिया तांबोळींनी त्याची रजा वाढवली, तेव्हा साळवी तडक दवाखान्यात आले.

“मॅडम, नियमात भाजण्याला रजा आहे, घाबरण्याला नाही.”

“हाही आजारच आहे, साहेब. नियमात बसत नसेल, तर नियम बदलायला हवा.” त्यांनी साळवींकडे पाहिलं. “त्या आगीनंतर तुम्हाला झोप लागते?”

साळवी समोरची खुर्ची ओढून बसले. नियम बदलण्याचा प्रस्ताव त्यांनी स्वतःच आयुक्तांकडे पाठवला आणि मंजूर होईपर्यंत पाठपुरावा केला.

पुढे एका सकाळी दत्ताराम मनोविकारतज्ज्ञांच्या दाराबाहेर बसला होता. गणवेशातले साळवी समोर येऊन उभे राहिले.

“साहेब, मला भेटायला आलात?”

“नाही रे. माझाही नंबर लावलाय.”

दत्तारामने सरकून त्यांना जागा करून दिली.