काचेतली टेकडी

सकाळचा चहा व्हायच्या आत एसेनकुलने आरसा तपासायच्या पात्याला डोळा लावला आणि त्याच्या तोंडून एक ठसठशीत शिवी निघाली.

“काय झालं, उस्ताद?” कादिरने विचारलं. कादिर वरच्या वेधशाळेचा माणूस. त्याचा ट्रक दारात उभा होता. दुर्बिणीचा आरसा आज वर पोचला नाही, तर गुरुवारी येणारे साहेब वेधशाळेला कुलूप घालणार होते. जुना आरसा तडकलेला, आणि दुसरी काच या डोंगरांत कुणाकडे नाही.

“खड्डा आहे. बरोब्बर मधोमध.”

“काल तर टेकडी गेली म्हणालात!”

“काल गेलीच होती. आज खड्डा आलाय.”

परातीएवढा तो खोलगट आरसा अंधाऱ्या खोलीच्या त्या टोकाला भिंतीशी उभा होता. बारा पावलांवर, या टोकाला, दिवा आणि त्याच्यापुढे सुईने टोचलेला पत्रा. भोकातून निघालेला उजेड आरशावर जातो, आणि काचेचा खोलगटपणा बिनचूक असेल तर सगळाच्या सगळा परत येऊन भोकाशेजारी एका ठिपक्यात गोळा होतो. त्या ठिपक्यात दाढीचं पातं सरकवलं, की आरसा फुंकर मारल्यासारखा एकदम विझायला हवा. कुठे केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी टेकडी असली, तरी तिथला उजेड वाट चुकतो आणि आरशावर डोंगराएवढी सावली पडते. एसेनकुलची नजर तर अशी, की काचेवर माशी बसून गेली तर तिचा कुठला पाय जड होता ते तो सांगायचा. गावात दोन माणसं शपथेवर सांगतात, तिसरा मेला.

हिवाळाभर असंच चाललं होतं. सकाळी मेंढ्यांना चारा टाकून यावं, डोळा लावावा, तर मधोमध टेकडी. दिवसभर राळेच्या चकतीने ती घासावी. दुसऱ्या सकाळी टेकडी पुन्हा हजर, जराशी बुटकी. काल पहिल्यांदा ती दिसली नाही, तेव्हा त्याने कादिरला निरोप धाडला होता. आज मात्र कादिर घाईत, म्हणून मेंढ्या उपाशी ठेवून तो आधी इथेच बसला होता.

तेवढ्यात दार करकरलं. बुरमा आपा आत आली. एसेनकुलची आई, चौऱ्याऐंशी वर्षांची. हातात वाफाळत्या चहाची वाटी. अंधारात कोपऱ्यातले दोघं तिला दिसलेच नाहीत. तिने वाटी खाली ठेवली, चहाने ऊन झालेला तळवा आरशाच्या मधोमध टेकला आणि पुटपुटली, “माझ्या लेकराच्या हाताला यश दे. नजर शाबूत ठेव.” मग काच पदराच्या टोकाने पुसली, दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले आणि वाटी उचलून चालू लागली.

कादिर हसला. “आपा रोज येते वाटतं?”

“येत असेल, मी मेंढ्यांकडे असताना,” एसेनकुल म्हणाला. त्याने पुन्हा पात्याला डोळा लावला, मग बाजूला सरकला. “तू बघ.”

कादिरने पातं सरकवलं. आरसा एकदम विझला. सावली नाही, डाग नाही.

“उस्ताद! अहो, लोणी आहे, लोणी! कसला खड्डा नि कसलं काय! चला, उचलू या!”

“डोळा काढू नकोस.”

“आता आणखी काय बघायचं?”

“बघत राहा म्हटलं ना.”

बाहेर ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला. कादिर नऊएक मिनिटं बघत राहिला. हळूहळू त्याच्या खांद्यांतला उत्साह उतरत गेला. आरशाच्या मध्यावर एक करडी सावली पडली, रुंदावली, खोल गेली.

“काच ऊन झाली की फुगते,” एसेनकुल म्हणाला. “निवली की बसते. हिवाळाभर मी काच नाही घासली, कादिर. आईचा हात घासत बसलो.”

“मग आता खड्डा भरा की!”

“काच काढता येते, वेड्या. घालता येत नाही. आजूबाजूची सगळी त्या खड्ड्याएवढी खाली आणायची, तर आणखी एक हिवाळा पाहिजे.”

“आणि असाच नेला तर?”

“दर नऊ मिनिटांनी हात टेकवायला म्हातारीला शिखरावर चढव.”

कादिरला हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. त्याने दिवा विझवला आणि खिडकीवरची घोंगडी ओढून काढली. खोलीत उजेड आला तसा आरसा नुसता काचेचा तुकडा दिसायला लागला.

त्या आवाजाने आपा परत दारात आली. “अगं बाई, तुम्ही इथेच होतात होय! झालं का रे मनासारखं? मग असे सुतकी चेहरे करून का उभे?”

दोघंही तिच्या उजव्या हाताकडे बघत होते.

तिने हात उलटापालटा करून पाहिला, मग घाईघाईने पदराला पुसला.

“धुऊन आले होते रे मी,” ती म्हणाली.