चढावर

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून हृषिकेशने आई-बाबांना न्युरेम्बर्गजवळच्या एका गावी, जुन्या काळच्या टपालाच्या घोडागाडीतून फिरायला नेलं. चढ लागला तसा गाडीवान थांबला आणि जर्मनमध्ये काहीतरी बोलला.

"पूर्वीची रीत आहे म्हणे. चढावर घोड्यांना ओझं नको म्हणून सगळ्यांनी उतरून चालायचं," हृषिकेशने सांगितलं.

शशिकांतरावांना गाडीत चढवायलाच दोघे लागले होते. तरी ते दाराची कडी चाचपू लागले. "सगळे चालणार आणि मी एकटाच बसू?"

"बसा हो तुम्ही," शोभनाताई म्हणाल्या.

पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्या वरातीची बैलगाडी खिंडीच्या चढावर अडली, तेव्हा सगळं वऱ्हाड खाली उतरलं होतं. त्याही उठल्या होत्या. "तू बस," एवढंच नवा नवरा म्हणाला होता, आणि मुंडावळ्या मागे सारून त्याने गाडीला खांदा लावला होता.

शोभनाताई उतरून मागे गेल्या आणि गाडीला दोन्ही हात लावून चालू लागल्या.

"नाइन, नाइन!" गाडीवान हसला.

"अगं आई, ढकलू नकोस म्हणतायत. घोडे ओढतायत ना!"

"सांग त्यांना, तेव्हाही बैल ओढतच होते."