पोटातल्याचं मत

गावाखालचं शेवटचं पाणी आत्ता उपसायचं की तीस वर्षं राखायचं, यावर मतदान होतं. नव्या कायद्यानं गरोदर बाईला दोन मतं होती, दुसरं पोटातल्याचं.

केंद्रावरच्या बाईंनी सुलोचनेच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लावली. “आता उजवा हात. बाळाचा.”

तिनं हात पदराखाली घेतला. “बाळ सोमवारी गेलं, बाई.”

“यादीत आहे ना अजून? द्या की, ताई!” मागून आठव्या महिन्यातली धाकटी जाऊ पुटपुटली. “पाणी राखायला द्या. माझ्या पोरासाठी.”

“नावसुद्धा ठेवलं नव्हतं गं त्याचं. एवढं एक मतच त्याचं होतं. ते खोटं नको करायला.”

संध्याकाळी दोन्हीकडे सारखीच मतं निघाली, आणि बरोबरी झाली तर उपसायचं, या नियमाप्रमाणे पंप सुरू झाला.

जावेनं आपली घागर भरली. तिनं सुलोचनेचीही घागर नळाखाली लावली. सुलोचनेला तिच्या पोटाकडे बघवेना.